छाट

डबीवर माझ्या अक्षरात: एक्केचाळीस.
आत आंबव्वा कुडक्यालचा पहाटेचा बेडका.
पहिल्यांदा नुसती थुंकी दिली होती, मी परत पाठवली.
"खोल खोका, बाई, छातीतून,"
दिवसातून वीसदा म्हणते मी हे,
आणि जिन्याखाली तोंड फिरवून कुणीतरी
खरंच खोलचं काही उपसतं,
झाकण लावून देतं.

काचेवर पातळ थर. आम्ल. मग तो पिवळा क्षार.
वीस मिनिटं थांबायचं.
बाहेर सोलापूरचा एप्रिल,
सिव्हिलच्या आवारातला लिंबसुद्धा सावली आखडून उभा.
मी घड्याळाकडे बघते
जशी कडक भाकरी करणारी बघते तव्याकडे,
उचलायची घाई न करता.

मग भिंगाखाली निळं.
पेशींच्या पोटात निळे दाणे, खच्चून भरलेले.
लोखंड.
गंजलं की तांबडं होतं हे सगळ्यांनाच ठाऊक,
इथं मात्र ते निळं होऊन कबुली देतं.

रक्ताचा कागद वेगळंच बोलतो.
हिमोग्लोबिन सात पूर्णांक आठ.
खालची पापणी ओढली तर आत
धुऊन धुऊन विटलेल्या टॉवेलचा रंग.
फुप्फुसात लोखंड तुंबलेलं, रक्त उपाशी.
कणगी भरलेली, आणि चुलीवर नुसतंच आधण.

किल्ली कुणी लपवली,
तीन वर्षं मी एवढंच विचारते आहे.
शरीरानंच, असं दिसतंय.
जंतूलाही लोखंड लागतं वाढायला,
म्हणून यकृत निरोप धाडतं: दारं लावा, कुणाला देऊ नका.
जंतू येतो, जातो, कधी आलेलाच नसतो,
असते ती सुपातून उडालेली तंबाखूची धूळ,
बत्तीस वर्षांची.
दारं लागलेलीच राहतात.
दंगल मिटल्यावर
कर्फ्यू उठवायचं कुणी विसरून जावं, तशी.

लाल गोळी लिहिताना माझा हात अडतो.
हे लोखंड कुणाच्या ताटात पडेल?
हिच्या, की हिच्या आत दबा धरून बसलेल्याच्या?
आंबव्वाचं ठरलेलं असतं.
"गोळीनं काळं होतंय परसाकडला. नको."
मग तिचीच गोष्ट सुरू होते:
काल हजारात सत्तर छाट काढल्या,
पान फाटकं म्हणं, दोरा ढिला म्हणं.
मजुरी कापली, आणि छाटही ठेवून घेतली त्यांनीच.
"तुमच्याकडं बी छाट काढतेत काय?"

काढतात, आंबव्वा.
वगळण्याचे निकष, पान सात, मीच टंकलेलं.
हे मी मनात म्हटलं.
ती चपला घालत होती, एक पाय दारात,
सहज बोलल्यासारखं बोलली,
फेब्रुवारीत रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या,
खाजगीत, अशोक चौकापाशी, पैठणी मोडून.

म्हणजे ते निळं
हिचं किती, आणि त्या बाटल्यांतल्या
अनोळखी माणसांचं किती,
आता सांगता येणार नाही.
तक्त्यातली ओळ मी खोडली.
एकशे वीस हवेत, एक नवीन शोधायला हवी.
रिक्षाच्या भाड्याचे पन्नास रुपये दिले तिला,
सही घेतली. अंगठा नाही, सही, तेलुगूत, वळणदार.

काच मात्र मी ठेवून घेतली.

रात्री नानांना फोटो दाखवला.
तीस वर्षं रंगखान्यात काढलेला माणूस,
नखांच्या कडा अजून निळसर.
मोबाइल लांब धरून बघितला, मग जवळ.
"इनुमु? असला निळा?"
खोकला आला, तो संपेपर्यंत मी थांबले.
मोजलं नाही. सवयीनं मोजलंच.
"पक्का आहे का पण?" त्यांनी विचारलं,
"धुतल्यावर जायचा."

अजून धुतली नाही, नाना.